गावचे वर्तमानपत्र आणि पडद्यावरचा वाचक

सकाळी दारात पडलेले वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचले जाते, हा संपादकवर्गाचा एक सुखद समज आहे. प्रत्यक्षात मराठी घरातील ज्येष्ठ मंडळी आधी निधनवार्ता पाहतात. कुणी आज कोणत्या पेठेत पाणी येणार नाही ते शोधते, व्यापारी बाजारभावाकडे वळतो, महाविद्यालयात जाणारा मुलगा शेवटच्या पानावरील क्रिकेटपासून सुरुवात करून मागे येतो आणि अग्रलेख पुष्कळदा दुपारच्या चहापर्यंत तसाच राहतो. दिल्लीतील घडामोडी आणि परदेशांतील युद्धे यांनी अंकाला भारदस्तपणा येतो. परंतु पेपरवाल्याचे महिन्याचे बिल चुकते केले जाते ते आपल्या गावात, आपल्या प्रभागात काल काय घडले हे कळावे म्हणून.

संगणक आणि त्यापाठोपाठ मोबाइल आल्यामुळे वाचक वर्तमानपत्रापासून दुरावला, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. बातमी जाणून घेण्याची मराठी माणसाची हौस तशीच आहे. पालटली ती वाचण्याची रीत. पूर्वी वाचक अंक वाचत असे, आता तो बातमी वाचतो. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. तथापि महापालिकेचा कारभार, जमिनींचे व्यवहार आणि नागरिकांचे कायदेशीर हक्क यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

मुलुखाची पत्रे

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. आरंभीच्या मराठी पत्रांचा भर ज्ञानप्रसारावर व लोकशिक्षणावर होता. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’ने मराठी पत्रकारितेला राजकीय धार दिली. गावातील साधी बातमी हीच वाचकाला रोज हवीशी वाटणारी वस्तू आहे, हे मात्र बरेच उशिरा उमगले. डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेऊन परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. मतपत्रांच्या त्या काळात त्यांनी मतापेक्षा बातमीला, त्यातही स्थानिक बातमीला, अग्रस्थान दिले. कोल्हापुरात ‘पुढारी’, बेळगावात ‘तरुण भारत’, नाशिकमध्ये ‘गावकरी’, सोलापुरात ‘संचार’ आणि पोर्तुगीज राजवट संपल्यावर १९६२ पासून गोव्यात ‘गोमन्तक’ अशी पत्रे आपापल्या मुलुखाची झाली. १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक स्वरूपात निघू लागलेल्या ‘लोकमत’ने पुढे शहरोशहरी आवृत्त्या काढण्याचा धडाका लावला आणि इतरांनाही त्याच वाटेने जावे लागले.

मोठ्या दैनिकाच्या पोटात जिल्ह्याचे छोटे दैनिक घालून देण्याची कल्पना आंध्र प्रदेशात ‘ईनाडू’ने मोठ्या प्रमाणावर राबवली. भारतीय भाषांतील वृत्तपत्रांच्या वाढीचा अभ्यास करणारे रॉबिन जेफ्री यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्थानिकीकरणाची ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आहे. आपल्या गावाचे नाव, आपल्या शाळेचा निकाल, आपल्या मंडळाचे छायाचित्र छापून आले की माणूस त्या पत्राचा होतो, हे त्यामागचे साधे सूत्र होते. महाराष्ट्रातही ते चालले. मात्र त्याची एक किंमत होती आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. जिल्हा आवृत्तीने वाचकाभोवती एक भिंत उभारली. एका जिल्ह्यात गाजत असलेले प्रकरण शेजारच्या जिल्ह्यातील वाचकाला ठाऊकही नसे, कारण ते पान त्याच्या अंकात नसे. एकाच नदीच्या काठावरील दोन गावे प्रदूषणाच्या एकाच प्रश्नाशी झगडत असली, तरी मध्ये जिल्ह्याची सीमा आली की दोघांची बातमी दोन वेगळ्या पानांत बंद होई.

छापील अंकाचा वाचक आणि ग्राहक हे एक नव्हेत, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. ‘खप’ म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. त्यांची तपासणी १९४८ साली स्थापन झालेली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था करते. ‘वाचकसंख्या’ ही निराळी गोष्ट. केशकर्तनालयातील एक अंक दिवसभरात वीस-पंचवीस जणांच्या हातांतून जातो, चहाच्या टपरीवरील अंकाची पाने तर सुटी होऊन वेगवेगळ्या बाकांवर वाचली जातात. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये राज्यात आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी मुक्तद्वार वाचनकक्षातील लाकडी स्टँडवर लावलेले दैनिक उभ्याने वाचणारी मंडळी हे नित्याचे दृश्य आहे. ही वाचकसंख्या मोजणारे भारतीय वाचक सर्वेक्षण २०१९ च्या फेऱ्यांनंतर अनेक वर्षे थांबले. म्हणजे वाचनाची रीत सर्वाधिक वेगाने बदलत होती, नेमक्या त्याच काळात मोजमाप बंद पडले. संकेतस्थळांवरील भेटींचे आकडे मात्र सगळेच अभिमानाने सांगत राहिले. त्या भेटीत वाचक बारा सेकंद थांबला की बारा मिनिटे, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

फाँट ‘उतरवून’ घेण्याचे दिवस

मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि २००० च्या आसपास. त्या संकेतस्थळांचे पहिले निष्ठावंत वाचक शिवाजीनगरला किंवा दादरला नव्हते. ते अमेरिकेत, आखातात आणि बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांत होते. गावातल्या माणसाला दारात अंक मिळत होता. दूर गेलेल्याला तो मिळत नव्हता. काळाच्या फरकामुळे एक गंमतही घडे. भारतात पहाटे चढवलेला अंक कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंब आदल्या दिवशीच्या संध्याकाळी वाचत असे आणि पुण्यातल्या आईवडिलांना उठायच्या आधीच पुण्याची बातमी तिकडून फोनवर कळे.

परंतु ही वाट सुकर नव्हती. प्रत्येक दैनिकाचा फाँट वेगळा. तो आधी संगणकावर उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. मराठी अक्षरांना आंतरराष्ट्रीय स्तरावर एकच संकेतप्रणाली देणारी युनिकोड पद्धत १९९१ पासून अस्तित्वात असली, तरी वर्तमानपत्रांची छपाई जुन्या फाँटांवर चालत असल्याने त्यांनी ती उशिरा स्वीकारली. बहुतेक मराठी दैनिके २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर युनिकोडकडे वळली. तोवर मराठी बातमी शोधयंत्रांना दिसत नव्हती. कारण यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच.

या तांत्रिक वाटणाऱ्या बाबीचा वाचकांशी घनिष्ठ संबंध आहे. जुन्या फाँटांतील मजकुराचे रूपांतर सर्वत्र झाले नाही. संकेतस्थळांची रचना बदलली, पत्ते बदलले आणि त्या काळातील पुष्कळशा स्थानिक बातम्या जाळ्यावरून नाहीशा झाल्या. शतकापूर्वीच्या ‘केसरी’च्या फायली अभ्यासकाला ग्रंथालयात जाऊन चाळता येतात. वीस वर्षांपूर्वी आपल्या नगरपालिकेत कोणता ठराव झाला याची केवळ संकेतस्थळावर आलेली बातमी मात्र सापडेलच असे नाही. कागद पिवळा पडतो, पण जागचा हलत नाही.

गाठोडे सुटले

स्थानिक दैनिक हे एका अर्थी गाठोडे होते. त्यात बातमीबरोबर वधू-वर सूचक जाहिराती, जागा भाड्याने देणे, नोकऱ्या, सिनेमाच्या वेळा, रेल्वेचे बदललेले वेळापत्रक, दहावीचे निकाल, भारनियमनाचे तक्ते, ‘शहरात आज’ या मथळ्याखालील व्याख्यानांची यादी असे बरेच काही बांधलेले असे. यांतील एकेका वस्तूसाठी लोक अंक घेत आणि बाकीचे ओघाने वाचत. इंटरनेटने हे गाठोडे सोडवले. नोकरी शोधणारा १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘नोकरी डॉट कॉम’सारख्या ठिकाणी गेला, लग्ने जुळवणारी स्वतंत्र संकेतस्थळे आली, परीक्षांचे निकाल मंडळाने स्वतः जालावर टाकले, कांद्याचा आणि तुरीचा भाव शेतकऱ्याला राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळू लागला. या प्रत्येक सोयीमुळे लोकांचे भलेच झाले. लासलगावच्या बाजार समितीतील भाव दुसऱ्या दिवशी छापून येण्याची वाट पाहणे हे काही सुखाचे नव्हते.

तोटा झाला तो वेगळ्याच जागी. या छोट्या जाहिरातींच्या उत्पन्नावर महापालिकेच्या सभेत चार तास बसणाऱ्या, न्यायालयाच्या आवारात फिरणाऱ्या, तालुक्याच्या ठिकाणी मानधनावर काम करणाऱ्या वार्ताहराचा खर्च निघत असे. अंकाच्या किमतीत तो कधीच निघत नव्हता. चार-पाच रुपयांच्या अंकाचा कागद, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांचाच खर्च त्याहून अधिक होतो. शिवाय महिनाअखेर ग्राहक त्यातला काही भाग रद्दीवाल्याकडून वसूल करतो. भारतात वर्तमानपत्राच्या कागदाचा मोठा हिस्सा आयात होतो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात या आयातीवर दहा टक्के शुल्क बसवण्यात आले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच टक्क्यांवर आणले गेले. एवढ्या चढउतारानेही जिल्हा दैनिकांची गणिते कोलमडतात. मग पाने कमी होतात आणि सर्वप्रथम कमी होते ते तालुक्याचे पान.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि वाचक खऱ्या अर्थाने पडद्यावर आला. तो वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाच्या दारातून आला नाही. कुणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून, व्हॉट्सअॅपच्या गटातून, फेसबुकवरून किंवा शोधयंत्रातून तो थेट एका बातमीवर उतरला आणि ती वाचून निघून गेला. ती बातमी कोणत्या दैनिकाची होती, हे त्याला पुष्कळदा आठवत नाही. शेजारी काय छापले होते, हे त्याने पाहिलेलेच नसते. छापील पानावर अपघाताच्या बातमीला लागून नाल्याच्या कंत्राटाची बातमी असे आणि नजर आपोआप तिच्यावरून फिरे. पडद्यावर अपघाताच्या बातमीखाली आणखी चार अपघात येतात.

जिल्ह्याची जुनी भिंत मात्र या रीतीने पाडली, हे नाकारता येणार नाही. पुण्यात नोकरी करणारा सांगलीकर आता सांगलीचे पान रोज पाहतो, मुंबईत स्थायिक झालेल्या चाकरमान्याला तळकोकणातील पुराची छायाचित्रे त्याच तासाला मिळतात. गावापासून दूर गेलेल्यांसाठी स्थानिक वर्तमानपत्र पूर्वी कधी नव्हते इतके जवळ आले. मात्र पाण्याची वेळ किंवा रस्त्याची दुरुस्ती या दूरच्या वाचकाच्या गरजेच्या नाहीत. त्याला गावच्या आठवणी, जत्रा आणि खाद्यपदार्थ हवे असतात. संकेतस्थळाच्या आकड्यांत दोघांचे वजन सारखेच भरते.

पत्र, प्रतिक्रिया आणि तक्रार

वाचकांचा पत्रव्यवहार ही मराठी पत्रकारितेतील प्रतिष्ठित जागा. ‘लोकसत्ता’चे ‘लोकमानस’ किंवा ‘महाराष्ट्र टाइम्स’चे ‘बहुतांची अंतरे’ यांत पत्र छापून येणे हा मध्यमवर्गीय घरात कौतुकाचा विषय असे. नियमित पत्रे लिहिणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. दादरच्या मराठी वृत्तपत्र लेखक संघासारखी संस्था त्यांतूनच उभी राहिली. पत्राखाली खरे नाव आणि गाव द्यावे लागे. संपादकाची चाळणी होती, जागेची मर्यादा होती आणि पोस्टाचा विलंब होता. या तिन्हींमुळे पत्र लिहिणारा थोडा थांबून लिहीत असे.

संकेतस्थळांवर बातमीखाली लगेच मत नोंदवण्याची सोय आली, तेव्हा या थांब्यांची गरज उरली नाही. पुण्यातील ‘सकाळ’च्या ‘मुक्तपीठ’ या सदरात सामान्य वाचक आपले घरगुती अनुभव लिहीत. त्या लेखांखाली टोपणनावांनी येणाऱ्या तिरकस प्रतिक्रिया इतक्या गाजल्या की लेखावरून धावती नजर टाकून थेट प्रतिक्रियांकडे वळणारे वाचक निर्माण झाले. त्यांतील विनोद अस्सल पुणेरी होता. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा चार ओळी लिहून पाठवल्या, त्याच्या वाट्याला काय आले असेल याचा विचार त्या हशात कुणी केला नाही. पुढे पुष्कळ ठिकाणी असे रकाने नियंत्रित झाले किंवा निर्जीव पडले आणि वाद समाजमाध्यमांवर गेले.

तक्रारीच्या पत्राचे मात्र निराळे महत्त्व होते. महापालिकांच्या जनसंपर्क विभागात रोज सकाळी वर्तमानपत्रांतील कात्रणे कापून अधिकाऱ्यांपुढे ठेवली जात. चौकातील उघड्या गटाराविषयी छापून आलेले चार ओळींचे पत्र त्या फाइलमधून प्रभाग कार्यालयात पोहोचे. आता नागरिक महापालिकेला उद्देशून समाजमाध्यमावर खड्ड्याचे छायाचित्र टाकतो, तिकडून तक्रार संबंधित विभागाकडे पाठवल्याचे उत्तर येते आणि कधीकधी खड्डा बुजतोही. हा मार्ग झटपट आहे. तथापि ही देवघेव तक्रारदार आणि कार्यालय या दोघांपुरती राहते. त्याच गटारात गेल्या वर्षी पडलेल्या शेजाऱ्याला ती दिसत नाही, पावसाळ्यापूर्वी साफसफाईसाठी किती रक्कम खर्ची पडली याच्याशी तिचा सांधा कुणी जुळवत नाही. तो सांधा जुळवणे हे बातमीदाराचे काम होते.

त्या कामाची निकड मार्च २०२२ नंतर विशेष जाणवली. मुंबई महापालिकेतील नगरसेवकांची मुदत त्या महिन्यात संपली. पुणे, नाशिक, नागपूर अशा इतर महापालिकांचीही संपली आणि प्रभाग रचना व इतर मागासवर्गाचे आरक्षण यांवरील न्यायालयीन वादांमुळे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नगरसेवक असताना स्थायी समितीच्या सभेत भांडणे होत, विरोधक कागद फडकवत आणि त्या गोंधळातून बातमी आपोआप बाहेर येई. प्रशासक स्वतःच प्रस्ताव मांडतो आणि स्वतःच मंजूर करतो. तेथे भांडण नाही, त्यामुळे आयती बातमीही नाही. ती फाइलींतून खणून काढावी लागते. ज्या काळात शहरांना सर्वाधिक जागरूक स्थानिक बातमीदारांची गरज होती, त्याच काळात त्यांची संख्या रोडावत होती, हा योगायोग शहरवासीयांच्या हिताचा म्हणता येणार नाही.

नववे पान

अंकाच्या आतील पानांवर बारीक टंकात छापलेल्या जाहीर नोटिसा हा वर्तमानपत्राचा सर्वांत रुक्ष भाग. त्याकडे पाहून कुणी अंक विकत घेत नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानुसार जमीन संपादित करण्याची प्राथमिक अधिसूचना राजपत्राखेरीज त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते आणि त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. हितसंबंधित व्यक्तीला हरकत घेण्यासाठी साठ दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली जमीन घ्यायची असेल, तर त्या अधिसूचनेचा सारांशही दोन स्थानिक पत्रांत द्यावा लागतो आणि हरकतीची मुदत अवघी एकवीस दिवसांची असते. पर्यावरणीय मंजुरीपूर्वीच्या जनसुनावणीची सूचना २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात देणे आवश्यक आहे. कर्ज थकल्यामुळे बँकेने घराचा ताबा घेतला, तर त्याचीही नोटीस दोन पत्रांत प्रसिद्ध होते.

याशिवाय वकिलांमार्फत दिल्या जाणाऱ्या नोटिसा असतात. अमुक गटनंबरची जमीन किंवा अमुक सदनिका आमचे अशील विकत घेत आहेत, तिच्यावर कोणाचा हक्क, गहाण, बोजा असल्यास चौदा-पंधरा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा तसा हक्क नाही असे समजले जाईल, हा त्यांचा ठरीव मसुदा. वडिलोपार्जित जमिनीत आपला हिस्सा असलेली बहीण किंवा चुलतभाऊ यांना भावकीतील व्यवहाराचा सुगावा या एका चौकटीतून लागल्याची प्रकरणे दिवाणी वकिलांना नवी नाहीत.

या सगळ्या तरतुदींचे एक गृहीतक आहे, ते म्हणजे गावातले कुणी ना कुणी अंक पानोपान चाळते. नोटीस ज्याच्यासाठी असते तो ती वाचेलच असे नव्हे. पण पारावर, ग्रंथालयात, कचेरीत ती कुणाच्या तरी डोळ्यांखालून जाते आणि तो संबंधिताला सांगतो. खपच नसलेल्या पत्रात नोटीस छापून कायद्याची पूर्तता करण्याची पळवाट जुनीच आहे. पडद्यावरील वाचनाने त्यात नवी भर घातली. संकेतस्थळावर नोटिसा दिसत नाहीत. ई-पेपरमध्ये त्या असतात, परंतु पानाचे चित्र म्हणून. आपल्या गावाचे नाव किंवा गटनंबर टाकून शोध घेतला तर हाती काही लागत नाही. दुव्यावरून बातमीवर उतरणारा वाचक नवव्या पानावर पोहोचतच नाही.

पानोपान वाचणाऱ्या नागरिकांचे बळ काय असते, हे मुंबईने २०१५ मध्ये पाहिले. महापालिकेने शहराच्या पुढील वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा त्या वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. त्यातील चुका, म्हणजे चुकीच्या जागी दाखवलेले रस्ते, यादीतून गळालेल्या वारसा वास्तू, बदललेली आरक्षणे, या दैनिकांतून एकामागून एक बाहेर येत गेल्या. लोकांनी आपापल्या विभागाचे नकाशे तपासले, हजारोंच्या संख्येने हरकती दाखल झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखड्याला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्या मोहिमेत संकेतस्थळे आणि समाजमाध्यमे यांचाही मोठा वाटा होता. छापील बातमीने कुठे पाहायचे ते सांगितले आणि इंटरनेटवरील नकाशाने ते दाखवले. दोन्ही माध्यमे एकमेकांना पूरक कशी ठरू शकतात, याचे एवढे स्वच्छ उदाहरण पुन्हा क्वचितच दिसले.

अंक न आलेले दिवस

अंकच आला नाही तर काय होते, याची अनपेक्षित चाचणी करोनाच्या साथीने घेतली. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईत विक्रेत्यांनी वितरण थांबवले आणि काही दिवस छापील अंक निघालेच नाहीत. कागदातून विषाणू पसरतो, या भीतीने अनेक गृहनिर्माण संस्थांनी पेपरवाल्याला फाटकातच अडवले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वितरणास मनाई केली, तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जूनमध्ये घरपोच अंकांना पुन्हा परवानगी मिळाली. या काळात ई-पेपरच्या पीडीएफ प्रती मोबाइलवरून मुक्तहस्ते वाटल्या गेल्या. असे वाटप बेकायदा असल्याचे वृत्तपत्रांच्या संघटनेला जाहीर करावे लागले. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘दैनिक जागरण’च्या दाव्यात असे वाटप करणाऱ्या टेलिग्राम वाहिन्या हटवण्याचा आदेश दिला. या चोरीमागे एक लक्षणीय गोष्ट होती. लोक सुट्या बातम्या नव्हे, तर संपूर्ण अंक पानांच्या क्रमाने मागत होते. आपल्या भागात रुग्ण किती, कोणती गल्ली बंद, कोणते रुग्णालय सुरू, हे गटांवर फिरणाऱ्या संदेशांपेक्षा छापील पानाच्या चित्रावर वाचणे त्यांना भरवशाचे वाटले.

या भरवशाला कारण होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. तशा टोळ्यांच्या अफवा त्या सुमारास मोबाइलवरून सर्वत्र फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा घातल्याने अफवेचा वेग कमी होतो, पण ती खोटी आहे हे कुणी सांगत नाही. पोलीस ठाण्यात दूरध्वनी करून ‘अशी एकही तक्रार नोंद नाही’ एवढे एक वाक्य मिळवून ते त्याच दिवशी तालुक्यात पोहोचवणारा माणूस लागतो. राईनपाड्यासारख्या दुर्गम पाड्यापर्यंत अंक रोज जात नाही. मोबाइल मात्र पोहोचला आहे.

काही दैनिकांनी आता तालुकानिहाय व्हॉट्सअॅप गट आणि वाहिन्या सुरू केल्या आहेत. तेथे वार्ताहर स्वतः बातमी टाकतो आणि वाचक तिथल्या तिथे दुरुस्तीही सुचवतो. शहरांतून सुरू झालेल्या यूट्यूबवरील वृत्तवाहिन्यांना प्रेक्षक भरपूर आहेत. त्यांपैकी काही जण मन लावून बातमीदारी करतात, काहींच्या हातातील माइकचे बोंडुक बातमीपेक्षा मोठे असते. छापील नियतकालिकांची नोंदणी करणारा १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे, तर इंटरनेटवरील बातम्यांना माहिती तंत्रज्ञानाचे २०२१ चे नियम लागू होतात. सरकारी व कायदेशीर नोटिसा कोठे छापल्यास प्रसिद्धी झाली असे मानायचे, हे मात्र अद्याप बहुतांशी जुन्या तरतुदींवरच चालते. भूसंपादनाच्या कायद्यात अधिसूचना सरकारी संकेतस्थळावर चढवण्याची तरतूद आहे. पण त्या संकेतस्थळाकडे रोज सकाळी चहा घेताना कोणी पाहत नाही. दैनिकांनी आपल्या ई-पेपरमधील नोटिसा मजकूर म्हणून, गाव आणि गटनंबर यांनुसार शोधता येतील अशा रीतीने दिल्या, तर त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही. तो मजकूर छपाईपूर्वी संगणकावर टंकलिखित झालेलाच असतो.